शेजारच्या तारेचें बोलणें

विजेकडून निरोप पोंचविण्यास मनुष्यानें आरंभ केला, तेव्हांपासून त्याच्या पाठीशीं दोन चिंता लागल्या आहेत. तारा कमींत कमी कशा लागतील, ही पहिली. आणि एका तारेवरचा निरोप शेजारच्या तारेंत शिरूं नये ह्याचा बंदोबस्त कसा करावा, ही दुसरी. तारा कमी केल्या म्हणजे पैसा वांचतो. परंतु नेमक्या त्याच वेळीं निरोपांची सरमिसळ होण्याची भीति वाढते. ही ओढाताण सुमारें दोनशें वर्षें चालू आहे, आणि आजच्या गणकयंत्रांच्या पोटांतहि ती थांबलेली नाहीं. तिचाच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

इ. स. १८०९ मध्यें म्यूनिक येथें सोमरिंग नांवाच्या शरीरशास्त्रज्ञानें विजेचें एक निरोपयंत्र रचलें. प्रत्येक अक्षरास व प्रत्येक अंकास एक, अशा ३५ तारा त्यास लागत. ज्या तारेंतून वीज सोडावी तिच्या टोकाशीं पाण्यांत बुडबुडे उठत, व त्यावरून अक्षर ओळखावयाचें. कल्पना मोठी सुंदर; पण एका गांवाहून दुसर्‍या गांवीं ३५ तारा नेणार कोण?

ह्या प्रश्नाचें पहिलें चतुर उत्तर १८३७ सालीं इंग्लंडांत कुक व व्हीट्स्टन ह्यांनीं दिलें. त्यांच्या यंत्रांत पांच सुया होत्या. एका वेळीं दोन सुया वळत, आणि त्यांच्या रोंखाच्या रेषा जेथें मिळत तेथें लिहिलेलें अक्षर वाचावयाचें. पांचांतून दोन निवडण्याचे प्रकार दहा. त्या दोन सुया वरच्या अक्षराकडे वळतील किंवा खालच्या. म्हणजे एकंदर वीस अक्षरें झालीं. इंग्रजींतील उरलेल्या सहा अक्षरांना त्या फळीवर जागा मिळाली नाहीं, हें खरें. परंतु अर्थ हा एकेका तारेंत नसून अनेक तारांच्या मेळांत सांठवितां येतो, हें तत्त्व येथें प्रथमच व्यवहारांत उतरलें. तें पुढें फार उपयोगीं पडावयाचें होतें. तूर्त मात्र तारायंत्राची वाटचाल निराळ्याच दिशेनें झाली. १८३८ सालीं स्टाइनहाइल ह्या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, विजेच्या परतीच्या वाटेसाठीं दुसरी तार नकोच. तें काम पृथ्वीच करते. मोर्सच्या पद्धतीनें एकाच तारेवरून सारीं अक्षरें जाऊं लागलीं. काटकसरीची ही परमावधीच म्हणावयाची.

परंतु १८७६ सालीं बेलनें टेलिफोन आणला आणि ह्या काटकसरीचे दोष उघडे पडले. तारायंत्र हें जाड कानाचें. लहानसहान कुजबुज त्यास ऐकूं येत नसे. टेलिफोनचा कान मात्र अतिशय तिखट. परतीची वाट सर्वांचीच एक, म्हणजे पृथ्वी. त्यामुळें तारायंत्राची टकटक, शेजारच्या तारेवरील संभाषण, आणि पुढें विजेच्या ट्रॅमगाड्या सुरू झाल्यावर त्यांची घरघर, हें सर्व एकदमच कानावर आदळूं लागलें. व्यापार्‍याचा भाव परक्याच्या कानीं पडूं लागला, तर तें यंत्र घेणार कोण? इंजिनिअर लोक ह्यालाच ‘क्रॉसटॉक’ म्हणतात.

ह्यावर तोडगा म्हणून पृथ्वीचा आश्रय सोडून परतीसाठीं दुसरी तार घालावी लागली. १८८१ सालीं बोस्टन व प्रॉव्हिडन्स ह्या शहरांच्या दरम्यान जॉन कार्टी ह्या तरुणानें हा प्रयोग केला, आणि गडबड शांत झाली. त्याच वर्षीं बेलला दोन तारांच्या पिळाचें पेटंट मिळालें. त्यांतील मर्म सोपें आहे. दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळल्या म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींस सारखाच पोंचतो. ऐकणारें यंत्र दोघींमधील फरक तेवढा ऐकतें. सारखें असेल तें वजाबाकींत उडून जातें. तारा खांबांवरून उघड्या नेत, तेव्हां ठराविक अंतरावर त्यांच्या जागांची अदलाबदल करून हाच परिणाम साधीत. मात्र आतां प्रत्येक संभाषणास दोन तारा लागूं लागल्या. तांब्याचा खर्च दुप्पट झाला.

तेव्हां पुनः काटकसरीचा विचार आला. दोन जोड्या मिळून चार तारा, व त्यांवर दोन संभाषणें. पहिल्या जोडींतील दोनहि तारा मिळून एक तार मानावी, दुसर्‍या जोडींतील दोन मिळून दुसरी मानावी, आणि ह्या दोन काल्पनिक तारांवर तिसरें संभाषण चालवावें! फ्रँक जेकबच्या डोक्यांत १८८२ च्या सुमारास आलेली ही युक्ति कार्टीनें १८८६ सालीं गुंडाळ्यांच्या साहाय्यानें व्यवहार्य केली. ह्या तिसर्‍या वाटेस इंग्रजींत ‘फँटम’, म्हणजे भुताची, वाट असें नांव पडलें. चार तारा, तीन संभाषणें. अट एकच, कीं चारहि तारा कांटेतोल सारख्या असाव्यात. थोडाहि तोल गेला कीं भूत शेजार्‍यांच्या घरांत शिरलेंच!

गणकयंत्रांच्या युगांत हीच कथा फार वेगानें पुनः घडली. १९७६ च्या क्रे-१ ह्या यंत्रांत पिळलेल्या जोड्यांचाच उपयोग केला होता, आणि एका ठोक्यास १२·५ अब्जांश सेकंद मिळावयाचे म्हणून कोणतीहि तार चार फुटांहून लांब ठेविली नव्हती. घरगुती यंत्रांच्या मागें छपाईयंत्रासाठीं २५ टांचण्यांचें जोडसाधन असे. १९९६ सालीं यूएसबी आलें आणि माहितीसाठीं दोन व शक्तीसाठीं दोन, अशा चार तारा पुरल्या. परंतु एका बिटास दोन तारा हा जुना हिशेब कायमच होता.

तो मोडण्याचा यत्न लोझान येथील गणिती अमीन शोक्रोल्लाही ह्यांनीं केला. २०११ सालीं त्यांनीं कांडू नांवाची कंपनी स्थापिली. त्यांच्या एका पद्धतींत चार तारा असून त्यांवरील दाबांची बेरीज सदैव शून्य राहते: एकीवर तीन माप वर, उरलेल्या तिघींवर एकेक माप खालीं, अथवा ह्याच्या उलट. असे प्रकार आठ होतात, म्हणजे एका वेळीं तीन बिट. चार तारांच्या दोन-दोनांच्या जोड्या तीनच रीतींनीं पाडतां येतात. ऐकणारें यंत्र तीनहि रीतींनीं वजाबाकी करून तीन उत्तरें मिळवितें, आणि सर्व तारांवर सारखा पडलेला उपद्रव प्रत्येक वजाबाकींत नाहींसा होतो. ह्याच मार्गानें पुढें जाऊन सहा तारांवर पांच बिट नेण्याची रीतिहि त्यांनीं काढली.

चार तारांवर तीन निरोप: कार्टीचें गणित जणूं सव्वाशें वर्षांनीं परतलें. अटहि तीच राहिली. तारांची लांबी व बांधणी कांटेतोल सारखी नसेल तर सारा हिशेब कोसळतो. भेद एवढाच कीं, कार्टीच्या तारा मैल मैल लांब होत्या व त्यांवर माणसें बोलत होतीं. ह्या तारा कित्येकदां बोटभर लांबीच्या असतात, आणि त्यांवर सेकंदास अब्जावधि बिट धांवतात. तांबें वांचवावयाचें असेल तर तोल संभाळलाच पाहिजे, हें दोघांनाहि सारखेंच पाळावें लागलें.