फ्री सीट, पेमेंट सीट

स्मरणिका समितीने मला "तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी टेक्निकल लिही" असा निरोप पाठवला. टेक्निकल म्हटल्यावर मला जावा किंवा क्लाउड आठवत नाही. आठवते ती शाळेच्या मागची पत्र्याची वर्कशॉप. आठवीत 'टेक्निकल'ला गेलेली आपल्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीनंतर तिकडे जायची आणि येताना त्यांच्या हातांना लोखंडाचा वास असायचा. मुलींनी टेक्निकल घ्यायचं नाही असा कुठे नियम लिहिलेला नव्हता. तरीही आपल्यापैकी एकीनेही ते घेतलं नाही. पाच वर्षांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला माझ्या हातात पहिल्यांदा कानस आली. तळहाताला फोड आले, जॉब तिरका झाला. शेजारच्या व्हाइसवरचा टेक्निकल-डिप्लोमा करून आलेला सिनिअर म्हणाला, "मॅडम, कानस दाबायची नसते, ढकलायची असते."

आपण १९९५च्या दहावीची मुलं. आपल्या पिढीत कोण इंजिनिअर झालं आणि कोण राहिलं, याचं उत्तर फक्त हुशारीत सापडत नाही. ते शोधायला थोडं मागे जावं लागतं. सर-बाईंनी चुका काढाव्यात, सवय आहे.

या देशात इंग्रजांनी इंजिनिअरिंगचे वर्ग काढले ते स्वतःच्या गरजेपोटी. जमीन मोजायची होती, कालवे काढायचे होते, पूल बांधायचे होते. मद्रासला १७९४ साली मोजणीची शाळा सुरू झाली, तिचंच पुढे गिंडीचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. गंगेच्या कालव्याला माणसं हवी होती म्हणून १८४७ मध्ये रुरकीचं कॉलेज निघालं. पुण्यातला वर्ग १८५४चा, सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं तयार करणारा. साहेब वर, ओव्हरसीअर खाली, अशी ती रचना होती. याच पुण्याच्या कॉलेजातून १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि पुढे खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. खाली ठेवायला शिकवलेली माणसं कायम खाली राहत नाहीत.

मला जास्त आवडते ती त्याही आधीची एक गोष्ट, जी आपल्याला कुणी शिकवली नाही. १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस नावाच्या लष्करी इंजिनिअरने एक शाळा चालवली. 'गणित शिल्प विद्यालय' असं तिचं मराठी नाव. तिथे देशी भाषेतूनही शिकवत. जर्व्हिसने गणिताची मराठी पुस्तकं त्यासाठीच तयार करवून घेतली. १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात इंग्रजी की देशी भाषा असा वाद झाला, तेव्हा हाच जर्व्हिस नाना शंकरशेट यांच्यासोबत देशी भाषांच्या बाजूने उभा होता. ती बाजू हरली. पुढची दीडशेहून जास्त वर्षं आपल्याकडचं इंजिनिअरिंग इंग्रजीतून शिकवलं गेलं. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला पहिल्या सेमिस्टरला 'टॉर्क' म्हणजे काय ते कळत होतं, पण ते कळलंय हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं. तोंडी परीक्षेला मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचे गुण कापले गेले.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या देशात पदवीच्या जागा तीन हजारांच्या आत होत्या. नलिनी रंजन सरकार यांच्या समितीने देशाच्या चारही दिशांना मोठ्या संस्था काढा असं सुचवलं होतं. त्यातली पहिली १९५१ मध्ये खरगपूरला निघाली, हिजलीच्या जुन्या तुरुंगछावणीत. १९५८ ला सोव्हिएत मदतीने पवई झाली. पाठोपाठ जर्मनांच्या मदतीने मद्रास, अमेरिकनांच्या मदतीने कानपूर, इंग्रजांच्या मदतीने दिल्ली. आयआयटीबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी इथे थांबते. आपल्या शाळेतून त्या काळात कुणी तिथे गेल्याचं मला माहीत नाही. आपल्यासाठी होती ती सरकारी कॉलेजं. कऱ्हाड आणि औरंगाबाद १९६०चे, अमरावती १९६४चं. सांगलीचं वालचंद त्याहून जुनं, १९४७चं. मुंबईत व्हीजेटीआय १८८७ पासून होतंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साऱ्या महाराष्ट्रातली अशी कॉलेजं बोटांवर मोजता येत होती.

आणि मग आलं १९८३. आपल्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत होते.

ज्यांच्याकडे पैसे होते अशा घरांतली मुलं त्याआधी कर्नाटकात जात, मणिपालला किंवा बंगळुरूला. देणगी भरून. पैसा इथला, कॉलेज तिथलं. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसे नव्हते. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. स्वतः शाळा फार शिकलेले नाहीत. त्यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. 'विनाअनुदानित' हा शब्द आपण पेपरात इतक्यांदा वाचलाय की त्याचा अर्थ झिजून गेला. सरकार पगाराला एक पैसा देणार नाही, सगळा खर्च मुलांच्या फीमधून, असा तो साधा अर्थ.

कुठे उभी राहिली ही कॉलेजं ते पाहा. पुण्यात राहिलीच. पण लोणीला प्रवरा, कोपरगावला संजीवनी, साखराळ्याला राजारामबापू, वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं, ही सगळी साखर कारखान्यांच्या सावलीत. शेगावला गजानन महाराज संस्थानाचं. ज्या गावात ऊस मोडायची यंत्रं होती तिथेच यंत्रं शिकवायचं कॉलेज निघालं, आणि ज्या शेतकऱ्याच्या उसाचे पैसे कारखान्यात जमा होत त्याचाच मुलगा तिथे शिकू लागला. मला यात काहीतरी बरं दिसतं. यावर 'शिक्षणसम्राट' म्हणून जे लिहिलं जातं तेही खरं आहे. शेडमध्ये भरणारे वर्ग, देणगीच्या पावत्या न देणारे संस्थाचालक, हे सगळं झालं. १९८७ मध्ये महाराष्ट्राला देणगीबंदीचा कायदा करावा लागला तो उगाच नाही. त्याच वर्षी संसदेच्या कायद्याने 'एआयसीटीई'ला नुसता सल्ला देण्याऐवजी मान्यता देण्या-काढण्याचा अधिकार मिळाला.

पण १९८३ झालं नसतं तर मी हा लेख लिहीत नसते. एवढं कबूल करून पुढे जाते.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात एक तोडगा काढला. खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा 'फ्री', म्हणजे सरकारी कॉलेजाएवढ्या फीच्या. निम्म्या 'पेमेंट', म्हणजे जास्त फीच्या. दोन्ही गुणवत्तेनेच भरायच्या, देणगी नाही. पेमेंटवाल्याने फ्रीवाल्याचा खर्च उचलायचा. न्यायाधीशांच्या मनात श्रीमंताने गरिबाला शिकवावं असं असणार. प्रत्यक्षात काय होई? शहरातल्या चांगल्या क्लासेसची मुलं जास्त गुण मिळवून फ्री सीट घेत, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्यांच्या वाट्याला पेमेंट येई. गरीब घरच्या मुलाने कर्ज काढून डॉक्टरच्या मुलाची फी भरायची, असा उलटा हिशेब कितीतरी घरांत झाला. ही पद्धत २००२ मध्ये टीएमए पै खटल्याच्या निकालाने गेली. आपण मात्र नेमके तिच्या मधोमध सापडलो. १९९७ला बारावी. तेव्हा वेगळी सीईटी नव्हती; फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण हाच सगळा निवाडा.

आता जे सांगायचं आहे ते ती वाचेल, म्हणून नाव घेत नाही.

आपल्या वर्गात माझ्या बाकावर बसणारी, गणितात कायम माझ्या पुढे. बारावीलाही तीन विषयांत मिळून तिला माझ्यापेक्षा सहा गुण जास्त पडले. प्रवेश फेरीला आम्ही दोघी बाबांबरोबर एकाच एसटीने गेलो. हॉलमध्ये फळ्यावर उरलेल्या जागा लिहिल्या जात आणि दर नंबराला त्यातली एक पुसली जाई. तिचा नंबर आला तेव्हा जवळच्या कॉलेजांतल्या फ्री जागा संपल्या होत्या. कॉम्प्युटरच्या पेमेंट जागा शिल्लक होत्या. विदर्भातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलची फ्री जागा होती. तिचे वडील फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुलीला एवढ्या लांब आणि मेकॅनिकलला? नको." पेमेंटचा आकडा तर त्यांनी विचारलासुद्धा नाही. घरी अजून तीन भावंडं होती. ती सही न करता परत आली आणि माझ्या शेजारी बसली.

पंधरा-वीस मिनिटांनी माझा नंबर आला. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरची पेमेंट सीट घेतली. परतीच्या एसटीत तिने मला विचारलं, "हॉस्टेलला डबा मिळतो का गं?" मी म्हटलं, "बघते."

सहा गुण तिला जास्त होते. हे मी अठ्ठावीस वर्षांत तिच्याशी कधी बोलले नाही.

मुलींचा इतिहास याच विषयात वेगळा चालतो. गिंडीच्या कॉलेजातून १९४३ मध्ये ए. ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. अठराव्या वर्षी विधवा, पदरात लहान मुलगी. त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून ते दार उघडलं. सुधा मूर्तींची टेल्कोच्या जाहिरातीवर जेआरडींना कार्ड टाकल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती १९७४ची. पुण्यात महर्षी कर्वे यांच्या संस्थेने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं ते १९९१ मध्ये. म्हणजे आमच्या प्रवेशाच्या वेळी ते होतं, पण पुण्याला. मुलीला पुण्याला ठेवायचं म्हणजे परत पैशांचीच गोष्ट.

माझं कॉलेज कसं होतं? साठ मुलांना दहा कॉम्प्युटर, त्यातले तीन बंद. डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारे सर आदल्या वर्षीच तिथून पास झालेले. पण ते रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये थांबत आणि 'मला नाही येत, उद्या बघून सांगतो' असं म्हणत. त्यांच्याइतकं प्रामाणिक मला नंतर नोकरीतही कमी भेटलं. तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या पॉलिटेक्निकमधून उपकरणं आली, समिती गेल्यावर टेम्पोतून परत गेली. आम्हीच ती उचलून ठेवली. २००१ मध्ये पास झालो तेव्हा जगभर मंदी. हातात ऑफर लेटर, आणि रुजू व्हायची तारीख पुढे-पुढे ढकललेली. अकरा महिने मी घरी होते. बाबा काही बोलले नाहीत, पण पेपर आधी मला वाचायला देत, नोकरीच्या पानावर घडी घालून.

आपल्या वर्गातल्या टेक्निकलच्या मुलांचं काय झालं तेही लिहायला हवं. एकजण आयटीआय टर्नर. आज त्याच्या शेडमध्ये सीएनसी मशिनं आहेत आणि दोन बी.ई. मेकॅनिकल त्याच्याकडे कामाला आहेत. दुसरा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आला. माझ्याआधी त्याला नोकरी लागली. 'आयटीआयला गेला' हे वाक्य आपल्या घरांत कसल्या सुरात म्हटलं जायचं, ते आठवून आता लाज वाटते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजं वाढतच गेली. २०१४-१५च्या सुमाराला देशभर पदवीच्या जागा सतरा लाखांच्या आसपास पोचल्या, मग वर्ग रिकामे राहू लागले. काही कॉलेजं बंद पडली, जागा साडेबारा लाखांपर्यंत उतरल्या. २०२० मध्ये नव्या कॉलेजांना परवानगी देणंच थांबवलं, तीन वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं. आता मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या जागा ओस आणि कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या. २०२१ पासून मराठीतून बी.ई. करायलाही परवानगी आहे. जर्व्हिसचा वर्ग दोनशे वर्षांनी परत भरला म्हणायचा.

माझ्या बाकावरची मैत्रीण बी.एस्सी., बी.एड. झाली. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. जूनमध्ये निकाल लागले की तिचा फोन येतो, तिच्या विद्यार्थ्यांसाठी. हे कॉलेज कसं, ही ब्रँच कशी, 'एआय अँड डेटा सायन्स' लिहिलंय म्हणजे नक्की काय शिकवतात. यंदा एका मुलीसाठी तिने तीनदा फोन केला. घरचे लांब पाठवायला तयार नव्हते. शेवटी ही स्वतःच त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन कॉलेज बघायला गेली. हॉस्टेल पाहिलं, मेस पाहिली, लॅबमधले किती कॉम्प्युटर चालू आहेत ते मोजले, आणि परतीच्या एसटीतून मला फोन केला.

"डबा मिळतो," म्हणाली.