तांदळाचे दाणे आणि इंग्रजी शब्द

संगणकाच्या पडद्यावर एक इंग्रजी शब्द येतो आणि त्याखाली चार पर्याय. योग्य अर्थावर टिचकी मारली की वाडग्यात तांदळाचे दाणे पडतात आणि तेवढ्या अन्नाची मदत भुकेल्यांच्या नावे जमा होते. 'फ्रीराइस' नावाचा हा मोफत शब्दखेळ अमेरिकेतील जॉन ब्रीन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू केला. त्यांचा मुलगा महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेची तयारी करीत होता. त्याचा शब्दसंग्रह वाढावा, हे त्याचे निमित्त. २००९ मध्ये हे संकेतस्थळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपविण्यात आले.

शिक्षकाला दानापेक्षा या खेळाची रचना अधिक उपयोगी आहे. उत्तरे बरोबर येऊ लागली की शब्द अवघड होतात, चुकू लागली की सोपे. चुकलेला शब्द थोड्या वेळाने पुन्हा समोर येतो. भरगच्च वर्गात प्रत्येकाला त्याच्या कुवतीनुसार शब्द देणे फळा आणि खडूला जमत नाही. मात्र अर्थही इंग्रजीतच असल्याने अगदी नवशिक्याच्या हाती हा खेळ देऊ नये.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही इंग्रजी वाचून समजणारी अनेक मुले बोलण्याची वेळ आली की गप्प होतात. चार पर्यायांतून शब्द ओळखणे आणि तोच शब्द आपल्या वाक्यात वापरणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. खेळ त्यांतील पहिलेच शिकवितो. म्हणून दहा मिनिटांनंतर खेळ थांबवावा. चुकलेले तीन शब्द वहीत उतरवून प्रत्येकाचे एक वाक्य आपल्या घराविषयी किंवा गल्लीविषयी करायला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी ते न पाहता बोलून घ्यावे. हे अर्थातच खेळाइतके मजेचे नसते.

स्पेलिंगसाठी 'वर्डल' चांगला. जॉश वॉर्डल यांचा हा पाच अक्षरांचा खेळ २०२१ मध्ये खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. त्याला संगणकही लागत नाही. फळ्यावर सहा ओळी आखून वर्गाचे दोन गट केले तरी पुरते.

मराठी भाषकांच्या खऱ्या अडचणी मात्र या खेळांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसा नाही. त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' एकसारखेच उच्चारले जातात. येथे कान तयार करावा लागतो. केंब्रिज व ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशांत शब्दांचे ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार मोफत ऐकता येतात. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश' या कार्यक्रमाबरोबर संहिताही मिळते. ती पहिल्यांदा ऐकताना झाकून ठेवावी, दुसऱ्यांदा उघडावी.

उपपदांसाठी 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' हाताशी ठेवावे. तेथील अनेक बालकथा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापून वर्गात वाटता येतात. आधी मराठी कथा वाचून घ्यावी. मग इंग्रजी प्रतीतील सगळी उपपदे शाईने झाकून मुलांकडून भरून घ्यावीत. कथा ठाऊक असल्याने मुलांचे लक्ष त्या छोट्या शब्दांवरच राहते.

व्यवहारातील दोन गोष्टी. 'फ्लॅश' या तंत्रावर चालणारे असंख्य भाषाखेळ २०२० च्या अखेरीस ते तंत्र बंद झाल्यावर उघडेनासे झाले. तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नये. तासाच्या आदल्या दिवशी शाळेच्याच संगणकावर खेळ उघडून पाहावा. आणि 'मोफत' खेळाची किंमत अनेकदा जाहिरातींच्या किंवा वैयक्तिक माहितीच्या रूपाने वसूल होते. मुलांची नावे व ई-मेल पत्ते न देता खेळता येत असेल तर तसेच खेळावे. नोंदणी अटळ असेल तर ती शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या नावावर करावी.