डोळ्यांचा संसर्ग आणि जंतुनाशके: काय चालते, काय नाही

डेटॉल, सॅव्हलॉन किंवा जखमेवर लावायचे आयोडीन यांना जंतुनाशक म्हणजे अँटिसेप्टिक म्हणतात. प्रतिजैविके मुख्यतः जीवाणूंवर चालतात. अनेक जंतुनाशके मात्र जीवाणू, बुरशी आणि काही विषाणू या सर्वांवर मारा करतात. तरीही घरातली बाटली डोळ्यात ओतता येत नाही. फरक पडतो तो औषधाच्या तीव्रतेने आणि त्यात मिसळलेल्या इतर घटकांनी.

धोका कुठे असतो?

चंद्रपूरच्या पूर्वेकडील तालुक्यांत आणि गडचिरोलीत धान हे मुख्य पीक आहे. कापणी-मळणीत धानाचे कुसळ किंवा पानाचे टोक डोळ्याला लागले, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा जातो. त्यातून जीवाणू किंवा बुरशी आत शिरून व्रण होतो. वेळेत उपचार न झाल्यास डोळ्यात पांढरे ‘फूल’ पडते आणि नजर जाऊ शकते. पश्चिमेला माजरीच्या कोळसा पट्ट्यात पीक वेगळे, पण धूळ आणि बारीक कणांनी होणारी इजा तशीच.

जंतुनाशके कुठे उपयोगी ठरली?

जर्मन डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांच्या डोळ्यात २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली. प्रसूतीवेळी आईकडून होणाऱ्या परम्याच्या संसर्गामुळे येणारे अंधत्व त्यामुळे खूप कमी झाले. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यावर सामान्यतः ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकतात. त्यातून सुटणारे मोकळे आयोडीन जंतूंची प्रथिने नष्ट करते.

व्रणाच्या उपचाराबाबत भारत आणि फिलिपिन्समध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवाणूंमुळे झालेल्या व्रणात १.२५ टक्के पोव्हिडोन आयोडीन आणि प्रतिजैविक थेंब यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. जिथे प्रतिजैविके मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, तिथे हा स्वस्त पर्याय महत्त्वाचा ठरू शकतो.

मर्यादा

बुरशीच्या व्रणात चित्र वेगळे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपाळमधील चाचणीत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनची तुलना नॅटामायसिन या बुरशीनाशकाशी केली गेली. त्यात नॅटामायसिन सरस ठरले. धानाच्या भागात बुरशीचे व्रण बरेच असतात, म्हणून व्रण कशाने झाला हे ठरवणे आवश्यक असते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ व्रणाचा किंचित भाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

घरी काय करू नये?

• डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट डोळ्यात घालू नये.
• जखमेसाठीचे बीटाडीन सहसा ५ किंवा १० टक्क्यांचे असते. पण टक्केवारी जुळली तरी ते डोळ्यासाठी बनवलेले नसते. ‘स्क्रब’ प्रकारात साबणासारखे घटक असतात. ते कॉर्निया जाळतात.
• घरी पाणी मिसळून औषध पातळ करू नये.
• दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नयेत. त्यांनी लाली कमी होते, पण बुरशी फोफावते.
• झाडपाल्याचा रस, मध, दूध घालू नये.

मग काय करावे?

डोळा चोळू नये. कचरा गेला असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेला कण मात्र काढायला जाऊ नये. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवर झालेल्या अभ्यासात, ओरखडा आल्यापासून १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल मलम सुरू झालेल्या एकाही रुग्णाला व्रण झाला नाही. वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे यांपैकी काहीही असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. मळणीच्या वेळी साधा चष्मा घातला, तरी कुसळ डोळ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते.