होडी कुणाच्या हाती द्यावी?

१९ डिसेंबर १९६४ या दिवशी मुंबईत शिडाची एक छोटी नौका नारळ फोडून पाण्यात सोडण्यात आली. लांबी ३२ फुटांच्या आसपास, अंग सागवानाचे. ती घडवली मुंबईच्या सुतारांनी, वाकस आणि सामता अशा पिढीजात हत्यारांनी. मुंबईला ही विद्या नवी नव्हती. वाडिया घराण्याने इथे बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे.

या छोट्या नौकेचा मालक होता ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणारा एक तरुण अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. इराणच्या आखातात वाहणाऱ्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. तेच नाव त्याने नौकेला दिले. १९६५ च्या डिसेंबरात तो तिच्यातून मुंबईहून निघाला आणि केपटाऊनमार्गे मायदेशी पोहोचला.

पुढे त्याच्या मनात एक विचार घोळू लागला. एकट्याने, वाटेत कुठेही न थांबता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तोवर हे कुणालाच जमले नव्हते. अशा सफरीला सुहैली लहान आणि संथ पडेल असे त्याला वाटले. पोलादाची ५३ फुटी नौका बांधायचा बेत ठरला आणि सुहैली विक्रीला निघाली. पण नव्या नौकेसाठी पैसे जमेनात आणि जुनीला गिऱ्हाईकही मिळेना. अखेर १४ जून १९६८ रोजी तो सुहैलीतूनच फालमथ बंदरातून निघाला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो तिथेच परतला. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. प्रदक्षिणा पुरी करून परतला तो हा एकटाच. गिऱ्हाईक न मिळालेली मुंबईची होडी अशी इतिहासात गेली.

त्याच शर्यतीत बर्नार म्वातेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी होता. त्याची पोलादी नौका ‘जोशुआ’ सुहैलीपेक्षा मोठी आणि वेगवान होती. पैसा आणि कीर्ती दोन्ही आवाक्यात आली असताना मार्च १९६९ मध्ये त्याने शर्यत सोडली. तसा निरोप त्याने बेचकीने एका जहाजाच्या डेकवर भिरकावला आणि तो तसाच पुढे ताहितीपर्यंत गेला. बक्षिसावर पाणी सोडणारा हा माणूस आपली नौका कशी सोडतो, हे पाहण्यासारखे आहे.

वर्षानुवर्षे जिवाला जपलेली होडी सोडायची वेळ प्रत्येक मालकावर कधी ना कधी येते. वय होते, हात थकतात, डागडुजीचा खर्च झेपेनासा होतो. होडीची गोष्ट घरासारखी नसते. घराला कुलूप लावून निघून जाता येते. होडीकडे एक हंगाम दुर्लक्ष झाले तरी ती खंगत जाते. म्हणून नुसती किंमत ठरवून भागत नाही. पुढे तिचे कोण करील, हा प्रश्न उरतोच.

नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या परीने याचे उत्तम उत्तर शोधले. १९९७ मध्ये सुहैली ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात दाखल झाली. डोक्यावर छप्पर, भोवती पहारा, पाहायला लोकांची रीघ. यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? पण तिथली हवा कोरडी होती. लाकडी होडीच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि एकमेकींना घट्ट भिडतात. कोरड्यात त्या आक्रसतात, सांधे उघडे पडतात. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होडीच्या फटी पुन्हा दर्यात उतरण्याआधी बुजवाव्या लागतात, हे आपल्या किनाऱ्यावर कुणालाही ठाऊक आहे. इथे तर वर्षानुवर्षे पाण्याचा स्पर्शच नव्हता. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे केले नाही, ते उबदार दालनाने करायला घेतले. २००२ मध्ये मालकाने आपली होडी परत नेली, सवडीने आणि बरीचशी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली.

जोशुआची कथा याच्या उलट. डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकास येथे वादळाने नांगरावरच्या अनेक नौका किनाऱ्यावर फेकल्या. जोशुआ त्यांतच होती. डोलकाठ्या गेल्या, आत वाळू भरली. वीस वर्षांची सोबत. म्वातेसिएने हिशेब केला आणि नाममात्र किमतीला ती तरुण हातांत देऊन टाकली. स्वतःसाठी ‘तमाता’ नावाची छोटी नौका बांधून घेतली. ज्यांनी ती घेतली त्यांनी तिला पुन्हा तरंगते केले. १९९० मध्ये फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने तिला शोधून विकत घेतले. या संग्रहालयाने मात्र तिला दालनात ठेवले नाही, शिडे लावून समुद्रावर नेत राहिले.

जून २०१८ मध्ये त्या शर्यतीला ५० वर्षे झाली, तेव्हा फालमथला सुहैली आणि जोशुआ दोघी पाण्यावर होत्या. त्यांच्याजवळच गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘थुरिया’ होती. सुहैलीच्याच आराखड्यावरची ही नौका घेऊन अभिलाष टॉमी नव्या शर्यतीला निघाले होते. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. त्याआधी त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी केली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. थुरियाला मात्र तिथेच समुद्रात सोडावे लागले. तिथे निवड करायला वावच नव्हता.

ज्यांना तो वाव मिळतो, त्यांना या इतिहासातून एक गोष्ट शिकता येईल. आवडती वस्तू सोडताना आपण तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा शोधतो. खरे तर तिला कामाला लावील असा माणूस शोधायला हवा. तो तिला खरचटवील, आपण केले नसते असे बदल करील, कदाचित नावाचा रंगही बदलील. ते पाहणे जड जाते. पण होडी टिकते ती पाण्यावर. किनाऱ्यावर राहतो तो फक्त तिचा सांगाडा.