बारवीचे दरवाजे

श्रावण लागला की आमच्या शहाडात विचारतात, "बारवी भरलं का?" बदलापूरजवळचं हे धरण एमआयडीसीचं, 1972 सालचं. तिथून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून येतं आणि शहाडला उपसलं जातं. पुढं सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला भिडलं की ते आपोआप उघडतात. त्यातून धरण पूर्ण भरण्याची पातळी 68.60 वरून 72.60 मीटरवर नेली. बुडणाऱ्या पाड्यांचं पुनर्वसन रखडल्यानं वाढीव उंचीपर्यंत धरण भरायला 2019 उजाडलं. मला खटकतं ते एवढंच, की हा खटाटोप साठ्यासाठी झाला, पुराचा विचार करून नाही. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेले नदीकाठच्या म्हारळ-कांब्याचे लोक मात्र सांडव्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात: विसर्गाचा इशारा आला की आधी म्हशी सोडायच्या, मग सामान माळ्यावर.