साथीच्या काळात हुकूम कोणाचा? केंद्र, राज्य आणि आपला सीमेवरचा जिल्हा

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या मराठी कुटुंबांची नाती पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहेत. बेला, जैनद, तामसी, तलमडुगू, भीमपूर या मंडलांतल्या कित्येक घरांची सोयरीक पांढरकवडा, वणी, किनवट, राजुरा या बाजूला आहे. मोठ्या दुखण्याला आपण हैदराबादइतकेच नागपूर, सेवाग्राम, यवतमाळही गाठतो. त्यामुळे २०२० आणि २०२१ मध्ये जेव्हा पुलावर चेकपोस्ट बसले, तेव्हा प्रत्येक घरात एकच प्रश्न होता: हा रस्ता नेमका कोणी बंद केला, दिल्लीने, हैदराबादने, मुंबईने की कलेक्टरांनी? आणि परवानगी मागायची तर कोणाकडे?

सभासद आणि त्यांच्या कुटुंबांना पुढेही उपयोगी पडावी म्हणून त्या प्रश्नाची माहिती येथे एकत्र देत आहोत.

घटनेतील वाटणी

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अधिकारांच्या तीन याद्या आहेत. साथीच्या रोगाशी संबंधित विषय या तिन्ही याद्यांत विखुरले आहेत.

राज्य सूचीतील ६ वी नोंद सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने यांची आहे. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून आदिलाबादच्या रिम्सपर्यंत सगळा रोजचा कारभार राज्याचा.

केंद्र सूचीत २८ वी नोंद बंदरांवरील विलगीकरणाची, तर ८१ वी नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारे स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण यांची आहे. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी ही ८१ वी नोंद विशेष लक्षात ठेवावी.

समवर्ती सूचीतील २९ वी नोंद सांगते की संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये यासाठी केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. अशा विषयात दोन कायद्यांचे जमले नाही, तर कलम २५४ प्रमाणे सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

थोडक्यात, दवाखाना राज्याचा, सीमा ओलांडण्याचा विषय केंद्राचा आणि रोगाचा फैलाव रोखणे दोघांचे. घटनेतील कलम ३५२ ची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव यांच्यासाठी आहे. त्यात रोगराईचा उल्लेख नाही. म्हणून २०२० मध्ये आणीबाणी लागली नाही. सगळा कारभार दोन साध्या कायद्यांवर चालला.

पहिला कायदा: १८९७ चा, प्लेगच्या वेळचा

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि पुढे पुण्यापर्यंत पसरला. त्यावर उपाय म्हणून इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. चारच कलमांचा हा कायदा. पण त्याने सरकारला प्रवाशांची तपासणी, रुग्णांना वेगळे ठेवणे आणि त्यासाठी लागतील ते नियम करण्याचा अधिकार दिला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या काळात झालेल्या घरझडत्या आणि त्यानंतर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याच्यावर केलेला हल्ला आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. सत्तेचा धाक आणि सेवेची माया, साथीची ही दोन्ही रूपे मराठी माणसाने त्याच वर्षी पाहिली.

या कायद्याची एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची आहे. तेव्हा आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद हे ‘ब’ वर्गातील राज्य झाले आणि १८९७ च्या कायद्यात अशी तरतूद राहिली की १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जो मुलूख ‘ब’ वर्गातील राज्यांत होता, तो सोडून हा कायदा भारतभर लागू राहील. म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराप्रमाणे आदिलाबाद त्याच्या बाहेर आणि नदीपलीकडचे, त्या वेळी मध्य प्रदेशात असलेले यवतमाळ त्याच्या आत! किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचेच होते. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हा जुना अपवाद काढून टाकण्यात आला.

त्या दुरुस्तीने (अध्यादेश २२ एप्रिल २०२० चा, त्यावरील कायदा सप्टेंबर २०२० चा) आणखी दोन बदल केले. डॉक्टर, नर्स, आशा कार्यकर्ती यांच्यावर हल्ला करणे अजामीनपात्र गुन्हा ठरला. शिक्षा ३ महिने ते ५ वर्षे, गंभीर इजा केल्यास ६ महिने ते ७ वर्षे. आणि केंद्राला आधी मुख्यतः बंदरांवर येणाऱ्या जहाजांपुरता असलेला तपासणीचा अधिकार बस, रेल्वे, मालवाहू वाहने आणि विमाने यांनाही लागू झाला.

दुसरा कायदा: २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा

या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष जिल्हा प्राधिकरणात सहअध्यक्ष असतात. केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कार्यकारी समिती राज्यांना निर्देश देऊ शकते आणि ते पाळणे राज्यांना बंधनकारक असते. कलम ५१ प्रमाणे आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ७२ प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांपेक्षा वरचढ आहे.

साथरोग कायद्याने राज्याच्या हातात नियम दिले, तर आपत्ती कायद्याने केंद्राच्या हातात लगाम दिला. २०२० चा सगळा घटनाक्रम या एका वाक्यात बसतो.

२०२०: आधी राज्ये, मग केंद्र

११ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्यांना साथरोग कायदा वापरण्याचा सल्ला दिला. महाराष्ट्राने १४ मार्चला, तेलंगणाने २१ मार्चला आपापले नियम जाहीर केले. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी तेलंगणाने ३१ मार्चपर्यंत लॉकडाऊन जाहीर केला. २३ मार्चला महाराष्ट्राने राज्यभर संचारबंदी लावली. म्हणजे देशव्यापी आदेशाच्या आधीच आपल्या नदीच्या दोन्ही काठांवर बंदी आली होती, पण दोन वेगळ्या सरकारांची.

२४ मार्चला केंद्राने आपत्ती कायद्याखाली आदेश काढला आणि २५ मार्चपासून २१ दिवस सारा देश एका नियमाखाली आला. पुढे ३ मे, १७ मे, ३१ मे अशी मुदत वाढत गेली. केंद्राचा नियम साधा होता: राज्य आपले निर्बंध केंद्रापेक्षा कडक करू शकते, सैल करू शकत नाही. एप्रिलमध्ये केरळने हॉटेले व इतर काही गोष्टी सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा केंद्राने लगेच हरकत घेतली. तेलंगणाने मात्र ५ मे रोजी, केंद्राची मुदत १७ मेपर्यंत असताना, स्वतःचा लॉकडाऊन २९ मेपर्यंत वाढवला. कडक करण्याची मुभा असल्याने त्यावर आक्षेप आला नाही.

शेतकऱ्यांसाठी २७ मार्चचा आदेश महत्त्वाचा होता. शेतीची कामे, बाजार समित्या आणि सरकारी खरेदी यांना त्यात सूट मिळाली. २९ मार्चला सर्व प्रकारच्या मालवाहतुकीला मुभा देण्यात आली आणि त्याच दिवशी माणसांसाठी सीमा बंद ठेवण्याचे निर्देशही निघाले. माल जाईल, माणूस जाणार नाही, असा तो काळ.

त्याचा सर्वांत मोठा फटका मजुरांना बसला. हैदराबादहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याच जिल्ह्यातून जातो, आणि डोक्यावर गाठोडी घेऊन चालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. २९ एप्रिलच्या आदेशाने अडकलेल्यांना घरी जाण्याची वाट मोकळी झाली. पण पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही राज्यांनी आपसात सहमती करावी, ही अट होती. पास एका राज्याचा असूनही दुसऱ्या टोकाला अडवणूक का झाली, याचे उत्तर या अटीत आहे. १ मे रोजी देशातील पहिली श्रमिक रेल्वे तेलंगणातील लिंगमपल्ली येथूनच झारखंडच्या हटियाला निघाली.

पुढे केंद्राने आंतरराज्य प्रवासावरील बंदी उठवली. तरीही काही ठिकाणी अडवणूक सुरू राहिली, म्हणून २२ ऑगस्ट २०२० रोजी गृहसचिवांनी सर्व राज्यांना पत्र लिहून प्रवासी व माल अडवू नका असे बजावले. २९ ऑगस्टच्या आदेशाने तर प्रतिबंधित क्षेत्राबाहेर लॉकडाऊन लावण्याआधी केंद्राशी सल्लामसलत करणे राज्यांना बंधनकारक केले.

२०२१: निर्णय राज्यांकडे, वाद न्यायालयात

दुसऱ्या लाटेत देशव्यापी लॉकडाऊन झाला नाही. फेब्रुवारीत यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत जिल्हा पातळीवर निर्बंध आले. महाराष्ट्राने १४ एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक नियम लावले आणि मे महिन्यात राज्यात येणाऱ्या प्रत्येकाला ४८ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. तेलंगणाने १२ मे ते १९ जून लॉकडाऊन ठेवला. सुरुवातीला फक्त सकाळी ६ ते १० सूट होती. नदीच्या अलीकडे एक वेळापत्रक, पलीकडे दुसरे.

याच मे महिन्यात तेलंगणाच्या सीमेवर शेजारच्या राज्यातून येणाऱ्या रुग्णवाहिका थांबवण्यात आल्या. आधी हैदराबादच्या रुग्णालयाशी बोलून परवानगी घ्या, असे परिपत्रक निघाले. तो प्रसंग आंध्रच्या सीमेवरचा, पण प्रश्न आपलाही होता. तेलंगणा उच्च न्यायालयाने १४ मे रोजी त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. त्याआधी ३० एप्रिलच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की त्या राज्याचा रहिवासी पुरावा नाही, किंवा ओळखपत्र नाही, म्हणून कोणत्याही रुग्णाला दाखल करणे किंवा औषध देणे नाकारता येणार नाही.

लसीच्या बाबतीतही अधिकार इकडून तिकडे फिरले. १६ जानेवारी २०२१ पासून केंद्राने लस पुरवली. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी राज्यांनी व खासगी रुग्णालयांनी स्वतः खरेदी करावी असे ठरले. राज्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागली, पुरवठा अडला, आणि २१ जूनपासून ७५ टक्के खरेदी पुन्हा केंद्राने हाती घेतली. खरेदी केंद्राची आणि टोचणी राज्याची, ही वाटणीच शेवटी चालली.

पैसा कोणाचा?

राष्ट्रीय आरोग्य अभियानात तेलंगणा व महाराष्ट्र यांसारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र ७५, राज्य २५ टक्के भरते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर कोविड मृत्यूंसाठी ठरलेले ५०,००० रुपयांचे साहाय्य याच निधीतून दिले गेले.

पुढच्या वेळेसाठी

सभासदांनी एवढे लक्षात ठेवावे:

- गावातील, मंडलातील निर्बंधांबद्दल विचारणा कलेक्टर कार्यालयात करावी. जिल्हा प्राधिकरण तिथेच असते.
- नदीपलीकडे जायचे असल्यास दोन्ही राज्यांचे ताजे आदेश पाहावेत. एकाच राज्याच्या पासवर निघू नये.
- दोन्ही आदेशांत फरक असल्यास अधिक कडक अट पाळण्याच्या तयारीने निघावे.
- रुग्ण सोबत असेल तर रहिवासाच्या पुराव्याअभावी उपचार नाकारता येत नाहीत, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.
- मे २०२१ मध्ये तेलंगणा आयुष्मान भारत योजनेत सामील झाले. पात्र कुटुंबांना या योजनेचा लाभ इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही मिळतो. कार्ड घरात तयार ठेवावे.
- संचारबंदीचे पूर्वीचे कलम १४४ आता नव्या कायद्यात कलम १६३ आहे, आणि सरकारी आदेश मोडण्याचे कलम १८८ आता न्याय संहितेत कलम २२३ आहे. नोटिशीवर हे आकडे दिसल्यास गोंधळू नये.

केरामेरी आणि जिवतीच्या डोंगरावरील काही गावांवर आजही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची रेशन कार्डे आहेत. ही मंडळी जे वर्षभर अनुभवतात, ते साथीच्या काळात आपणा सर्वांच्या वाट्याला येते. घटनेने अधिकार वाटून दिले आहेत, पण रोग पूल ओलांडताना पास दाखवत नाही. म्हणून कोणते दार कोणाचे, हे आपल्या घरातील एका तरी माणसाला ठाऊक असावे. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी आणि नदीपलीकडच्या सोयऱ्यांनाही कळवावी, ही विनंती.