हळदीकुंकू आणि घरगुती व्यापार

घर न सोडतां चार पैसे कसे मिळवावे, हा प्रश्न मराठी स्त्रीपुढें आज प्रथमच उभा राहिलेला नाहीं. त्याचें एक रूप मात्र नवें आहे. आळंदीसारख्या गांवांत एखाद्या गृहिणीला तिची मैत्रीण सुचविते कीं, प्रसाधनाच्या वस्तूंची एक पेटी घ्यावी, ओळखीच्या दहा बायका घरीं बोलवाव्या, क्रीम, पावडर, लिपस्टिक त्यांना लावून दाखवावी आणि विक्रीवर दस्तुरी मिळवावी. हा धंदा पत्करावा कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास पाहणें उपयोगाचें आहे.

ज्ञानेश्वरांची समाधि इ. स. १२९६ मधील. तिच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंवर आळंदीचा बाजार पोसला गेला. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, बांगड्या या वस्तु देवळाभोंवतीं विकल्या जातात. येथील गिऱ्हाईक अनोळखी असतें. माल आवडला तर घेतें, न आवडला तर पुढच्या दुकानाकडे वळतें. पुढें १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि भोसरी व चाकण येथील कारखान्यांमुळें या सर्व टापूचें रूप पालटलें. नोकरीसाठीं दूरदूरचीं कुटुंबें येऊन भाड्याच्या खोल्यांतून राहूं लागलीं. पति पाळीवर, मुलें शाळेंत आणि सासर-माहेर लांब, अशा घरांतील स्त्रीला मिळकतही हवी असते आणि सोबतही. घरगुती विक्रीचें आमंत्रण या दोन्ही गरजा एकदम भागविण्याचें आश्वासन देतें.

शृंगाराच्या वस्तु दारापर्यंत येणें ही गोष्ट जुनीच आहे. कासार बांगड्यांचें ओझें घेऊन ओसरीवर बसे आणि आळींतल्या बायका तेथें जमत. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडीं देई. त्यांच्याशीं घासाघीस करण्यांत कोणाला संकोच वाटत नसे, कारण तीं माणसें व्यापारासाठींच आलेलीं असत. त्याच घरांत दुसरा मेळावा भरे तो हळदीकुंकवाचा: चैत्रांत गौरीपुढें, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. संक्रांतीस यजमानीण वाण लुटते. फणी, आरसा, कुंकवाची डबी अशी एखादी वस्तु प्रत्येक सुवासिनीस देते. येथें वस्तु यजमानणीकडून पाहुणीकडे जाते आणि पाहुणीनें मोल द्यावयाचें नसतें. व्यापार ओसरीवर आणि देणें माजघरांत, असा हा विभाग होता.

या व्यवस्थेंत एक मोठा अन्यायही होता. जिला मिळकतीची गरज सर्वांत अधिक, त्या विधवेला हळदीकुंकवाचें बोलावणें नसे. तिच्यासाठीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ मध्यें पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें. शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या अशा स्त्रिया या मार्गानें तयार झाल्या. त्यांची मिळकत ओळखीपाळखीवर नव्हे, तर हातच्या विद्येवर अवलंबून होती.

ओसरीवरचा व्यापार माजघरांत नेण्याची कल्पना अमेरिकेंत वाढली. डेव्हिड मॅकॉनेल हा पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकांना अत्तराची लहान कुपी भेट देत असे. पुस्तकापेक्षां कुपीच अधिक आवडते असें पाहून त्यानें १८८६ मध्यें न्यूयॉर्क येथें अत्तराचाच धंदा मांडला आणि विक्रीसाठीं स्त्रिया नेमल्या. ही कंपनी १९३९ पासून एव्हन या नांवानें ओळखली जाऊं लागली. अमेरिकन राज्यघटनेनें स्त्रियांस मताचा हक्क दिला तो १९२० मध्यें. त्याच्याही कितीतरी आधीं या स्त्रिया स्वतःचा पैसा मिळवीत होत्या, हें या व्यापाराचें खरें श्रेय आहे.

त्याची दुसरी बाजू ब्राउनी वाइझ हिच्या चरित्रांत दिसते. प्लास्टिकचे डबे घरच्या बैठकींत विकण्याच्या तिच्या पद्धतीला एवढें यश आलें कीं, टपरवेअर कंपनीनें १९५१ मध्यें आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि तिला उपाध्यक्ष केलें. परंतु १९५८ मध्यें तिला कामावरून दूर करण्यांत आलें, तेव्हां कंपनीचा एकही भाग तिच्या नांवावर नव्हता. १९६३ मध्यें मेरी के ॲश हिनें टेक्सासमधील डॅलस येथें प्रसाधनांची कंपनी काढून हीच बैठकीची रीत चालविली. भारतांत ऑरिफ्लेम १९९५ मध्यें आणि टपरवेअर १९९६ मध्यें आली.

आतां हिशेब पाहावा. समजा, छापील किंमतीनें ५,००० रुपयांचा माल शेंकडा २० सूट मिळून ४,००० रुपयांना घेतला. त्यांतील १,००० रुपयांचा माल पडून राहिला, तर बाकीच्या विक्रीचे ४,००० रुपये येतात आणि नफा शून्य होतो. चहा-फराळ, जाण्यायेण्याचा खर्च आणि गेलेला वेळ यांची भर घातली म्हणजे तोटाच उरतो. हा तोटा टाळण्यासाठीं मग बहिणीला, जावेला, शेजारणीला भीड घालावी लागते. कासाराला नको म्हणतां येत होतें. चहा पाजणाऱ्या मैत्रिणीला नको म्हणणें अवघड जातें. पुढची पायरी म्हणजे मालाऐवजीं नवे सभासद मिळविण्यावर पैसा देणें. अशा योजनांना १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनींही ती दृढ केली असून, विक्रेत्यानें ओळखपत्राशिवाय आणि वेळ ठरविल्याशिवाय कोणाच्या घरीं जाऊं नये असें सांगितलें आहे.

याउलट, १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून उभ्या राहिलेल्या लिज्जत संस्थेंत काम करणारी प्रत्येक भगिनी मालकीची वांटेकरी असते, आणि तिचा पापड तिला ओळखत नसलेलें गिऱ्हाईक विकत घेतें.

तेव्हां आळंदीच्या गृहिणीनें तीन गोष्टी पाहाव्या. हीच वस्तु याच किंमतीस अनोळखी बाई घेईल काय? न खपलेला माल कोणाच्या माथीं बसणार? आणि पैसा विक्रीचा आहे कीं सभासद जमविण्याचा? उत्तरें समाधानकारक असतील, तर थोड्या मालावर हा धंदा करून पाहण्यास हरकत नाहीं. तीं तशीं नसतील, तर आळंदींत दुसरी वाट आहे. तेथील मंगल कार्यालयांतून लग्नें मोठ्या संख्येनें लागतात. नवरीचा साज, केशरचना आणि मेंदी हीं कामें शिकलेल्या स्त्रीला तेथें परगांवचें गिऱ्हाईक मिळूं शकतें, आणि संक्रांतीस आलेल्या शेजारणीपुढें वाणाबरोबर मालाची यादी ठेवण्याची पाळी तिच्यावर येत नाहीं.